डाव्या पायाची शिकवणी: हाय-हॅट पेडलच्या प्रकल्प नोंदी

२ जून

ड्रमवादनातला हा प्रकल्प फक्त डाव्या पायाचा. हात चालतात, उजवा पाय किकवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) ठरल्या जागी पडतो, डावा पाय मात्र आतापर्यंत हाय-हॅट (पेडलने एकमेकांवर मिटणारे झांजेसारखे दोन सिंबल) मिटून धरण्यापुरताच कामाला होता. त्याला स्वतःचं असं वाजवता आलं पाहिजे. हातात काठ्या नसताना नुसत्या पायाने स्वच्छ ‘चिक्’ काढणं, तो लयीत टिकवणं, आवाज उघडणं आणि मिटणं, आणि हवा तेव्हा स्प्लॅश (सिंबल भिडवून झणझणत सोडणं) देणं, एवढं जमवायचं आहे. रोजच्या सरावाचा पहिला भाग यासाठी राखून ठेवला. तेवढा वेळ काठ्यांना हात लावायचा नाही.

आज पायाखाली नेमकं काय आहे ते निरखून पाहिलं. खालचा सिंबल उताणा, नळीवरच्या बैठकीवर बसवलेला. वरचा पालथा, क्लचने मधल्या रॉडला अडकवलेला. पेडल दाबलं की साखळी रॉडला खाली ओढते, सोडलं की आतली स्प्रिंग त्याला वर ढकलते. म्हणजे खाली आणायचं काम पायाचं आणि वर न्यायचं काम स्प्रिंगचं, असं रचना पाहून तरी वाटतं.

४ जून

आज वाजवणं थोडं आणि नट-स्क्रू जास्त. पण हा वेळ सार्थकी लागला, कारण स्टँड नीट लावलेला नसेल तर पायाच्या तंत्राबद्दल काहीच ठरवता येत नाही. आवाज वाईट आला तर दोष पायाचा की स्टँडचा, हेच कळत नाही.

सुरुवात स्टुलापासून. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील इतकी उंची, गुडघ्याचा कोन ९० अंशांहून थोडा जास्त. स्टूल फार खाली असेल तर पाय उचलताना मांडी अडखळते आणि सगळा ताण कमरेत जातो. पेडल असं ठेवलं की पाय सहज जिथे पडतो तिथेच ते असेल. आधी स्टँड ठेवून मग पाय तिथपर्यंत वळवायचा, हे उलटं काम. स्टँड पुढे सरकू नये म्हणून खालचे टोकदार खिळे बाहेर काढून चटईत रोवले.

मग क्लच. वरचा सिंबल फेल्टच्या दोन मऊ चकत्यांच्या मध्ये असतो आणि वरच्या बाजूचे दोन नट एकमेकांवर आवळून ती पकड कायम होते. फेल्ट गच्च आवळले तर सिंबल ताठ होतो आणि त्याचा आवाज गुदमरतो. म्हणून हाताने हलवल्यावर थोडा डुलेल इतकी ढील ठेवली. खालचा नट मात्र घट्ट हवाच, नाहीतर वाजवता वाजवता तो फिरून सुटतो आणि वरचा सिंबल खालच्यावर आदळून तिथेच बसतो. ऐन गाण्यात असं झालं की हाय-हॅट गेली.

पेडल मोकळं असताना दोन सिंबलमधलं अंतर दोन ते तीन सेंटिमीटर ठेवलं. अंतर कमी केलं की पाय झरझर चालतो पण ‘चिक्’ बारीक येतो. वाढवलं की आवाज भरदार, पण पायाला प्रवास जास्त. मी मधलं अंतर निवडलं आणि महिनाभर ते बदलणार नाही. रोज वेगळं अंतर असलं तर पायाच्या लक्षात काय राहणार?

शेवटी खालच्या बैठकीजवळचा छोटा स्क्रू. तो फिरवला की खालचा सिंबल एका बाजूने किंचित तिरका होतो. दोन्ही कडा अगदी समांतर येऊन एकाच क्षणी पूर्ण मिटल्या तर मधली हवा अडकते आणि ‘चिक्’ऐवजी ‘थुप्’ असा बोथट आवाज येतो. थोडा तिरकेपणा दिला की हवेला वाट मिळते. काही खालच्या सिंबलना भोकं पाडलेली असतात, काहींची कड लाटेसारखी वळवलेली असते, ती याचसाठी. स्क्रू फिरवताना प्रत्येक वेळी पेडल दाबून ऐकलं. फरक इतका स्पष्ट आहे की या स्क्रूला हात न लावता वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांना मी हे आधी करून बघा असं सांगेन.

६ जून

टाच टेकवून. पूर्ण पाऊल पेडलवर, टाच मागच्या पट्टीवर, आणि हालचाल फक्त घोट्यातून. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, प्रत्येक ठोक्याला एक ‘चिक्’.

थोड्याच वेळात नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू भरून आला. पोटरी मात्र ताजीतवानी. मला उलट अपेक्षित होतं, कारण पेडल दाबताना जोर पोटरीचा लागतो. नडगीपुढचा स्नायू काय करतो? तो चवडा वर उचलतो. म्हणजे पाय दमला तो उचलून उचलून.

परवा जे लिहिलं होतं त्यात इथे भर घालावी लागते. स्प्रिंग पेडलला वर ढकलते हे खरं, पण पेडलवर पावलाचं वजन पडलेलं असतं. ते वजन मी स्वतः काढून घेतलं नाही तर स्प्रिंगला ते ढकलत बसावं लागतं आणि वरचा सिंबल सावकाश, रेंगाळत उठतो. पुढच्या ‘चिक्’साठी पुरेसं अंतर तयार व्हायच्या आत पाय पुन्हा खाली येतो, आणि आवाज मिळमिळीत होतो. ‘चिक्’ कसा येईल हे बरंचसं त्याच्या आधीच्या उचलण्यात ठरलेलं असतं.

सरावाचा मंत्र उलटा करून पाहिला: ‘दाब, दाब, दाब’ असं मोजण्याऐवजी ‘उचल, उचल, उचल’. मेट्रोनोम तोच, पाय तोच. आवाज लगेच धारदार झाला.

९ जून

टाच टेकवून ६०, मग ७०, ८०. फोनवर ध्वनिमुद्रण करायला सुरुवात केली. फोन पेडलच्या शेजारी जमिनीवर. नडगी दुखायला लागली की थांबायचं, पाय झटकायचा, पुन्हा सुरू. दुखऱ्या स्नायूवर दामटून काही साधत नाही, लय बिघडते एवढंच.

१३ जून

टाच उचलून. चवडा पेडलच्या वरच्या अर्ध्या भागावर, टाच थोडी अधांतरी. आता आख्खा पाय मांडीपासून हलतो आणि वजन आपोआप पडतं. आवाज मोठा येतो, जोर न लावता येतो. नडगीचा प्रश्न जवळजवळ संपतो, पण तोलाचा प्रश्न उभा राहतो.

टाच टेकलेली असते तेव्हा डावा पाय शरीराला आधार देत असतो, आपल्याला ते कळतही नाही. ती उचलली आणि उजवी टाचही किकवर उचललेली असली, की धड फक्त स्टुलावर उरतं. पहिल्यांदा मी मागे कलायला लागलो आणि पोट आवळलं गेलं. उपाय बसण्यात सापडला: स्टुलाच्या मध्यापेक्षा थोडं पुढे, बैठकीच्या हाडांवर सरळ, मांड्यांखाली स्टुलाची कड रुतणार नाही असं. मग दोन्ही पाय हवेत धरून पाहिले. न डगमगता बसता आलं तर बैठक बरोबर.

दोन्हींपैकी योग्य पद्धत कोणती, हा वाद नेहमीचाच. माझं मत असं की हळू आणि हलक्या वाजवण्यात टाच टेकवून ताबा जास्त मिळतो, मोठ्या आवाजात टाच उचलून. दोन्ही यायला हवं. एकातून दुसऱ्यात गाण्याच्या मध्येच जाता यायला हवं, आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो: चार ठोके टेकवून, चार उचलून, आवाज मात्र एकसारखा. ऐकणाऱ्याला बदल कळता कामा नये.

१७ जून

टाच-चवडा झोका. चार ठोक्यांच्या आवर्तात एक आणि तीनवर टाच खाली, चवडा वर. दोन आणि चारवर चवडा खाली, टाच वर. आवाज फक्त दोन आणि चारला येतो, पण पाय चारही ठोक्यांना हलत असतो.

ही मला आतापर्यंत सगळ्यात आवडलेली गोष्ट. नुसतं दोन आणि चारवर दाबायचं म्हटलं की एक आणि तीनच्या जागी पाय रिकामा वाट पाहत राहतो, आणि वाट पाहणारा पाय घाई करतो. झोक्यात त्याला थांबायलाच सवड नाही. टाच पडते ती आवाजाविना पडते, तरी शरीराला तो ठोका जाणवतो.

मेट्रोनोम ५० वर लावून त्याचे ठोके दोन आणि चार मानले, म्हणजे खरी लय १००. आता मेट्रोनोमचा आवाज आणि माझा ‘चिक्’ एकाच क्षणी पडायचे, आणि एक-तीन माझे मला धरायचे. बरोबर जमतं तेव्हा मेट्रोनोम ऐकू येईनासा होतो, कारण ‘चिक्’ त्याला झाकून टाकतो.

२१ जून

आज सराव कमी, वाचन जास्त. या वाद्याचा जन्म पायातून झाला आहे हे समजून घेणं मला फार गरजेचं वाटलं.

१९२० च्या दशकात ड्रमवादकांकडे ‘लो-बॉय’ नावाचं उपकरण होतं. पेडलने एकमेकांवर आपटणारे दोन छोटे सिंबल, पण जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर. तिथे काठी पोहोचवणं सोयीचं नव्हतं, त्यामुळे ते पायानेच वाजायचं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात नळी लांब करून सिंबल कमरेच्या वर आणले गेले आणि मग हातांना ते वाजवता येऊ लागलं. ‘हाय’ म्हणजे उंच, ते या उंचीमुळे. म्हणजे पाय हा या वाद्याचा मूळ वादक आणि हात नंतर आलेले. हल्ली शिकताना आपण नेमकं उलट्या क्रमाने जातो.

हात आल्यावर काय झालं ते १९३० च्या दशकात काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात ड्रमवादक जो जोन्स यांनी दाखवलं. तोवर चारही ठोके किकवर ठणठणीत वाजवून लय धरायची पद्धत होती. जोन्स यांनी लय हाय-हॅटवर आणली आणि किकला मोकळं केलं. उघडत-मिटत जाणाऱ्या हाय-हॅटमुळे पूर्ण वाद्यवृंदाचा भार हलका झाला. त्यात काठी जितकी महत्त्वाची तितकंच पाऊल, कारण प्रत्येक ठोका उघडा की मिटलेला हे पाऊलच ठरवत होतं.

पुढे ड्रमवादक टोनी विल्यम्स, १९६३ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पाच जणांच्या वाद्यवृंदात आलेले. जॅझमध्ये पायाची हाय-हॅट दोन आणि चारवर ही तोवर रूढ झालेली जागा. विल्यम्स यांनी अनेकदा ती चारही ठोक्यांवर वाजवली. पायाला फार अवघड असं त्यात काही नाही, पण संगीताचा रेटाच बदलतो. मी झोका सोडून १०० च्या लयीत चारही ठोके वाजवून पाहिले आणि वर हाताने राइड (लय धरायचा मोठा सिंबल) धरली. दोन-चारमध्ये जे डोलणं असतं ते जाऊन सरळ पुढे ओढणारी धार येते. जागा बदलली की अर्थ बदलतो, म्हणून पायाला दोन्ही आलं पाहिजे.

२५ जून

अखेर काठ्या हातात. उघडणं आणि मिटणं.

उजव्या हाताने मिटलेल्या हाय-हॅटवर ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ असे आठ ठोके. शेवटच्या ‘आणि’वर पाय सोडायचा, म्हणजे तो ठोका उघडा वाजतो, आणि पुढच्या ‘एक’वर पाय मिटवायचा. वाक्य साधं, काम बारीक.

पहिली गोष्ट: किती उघडायचं. पाय पूर्ण सोडला तर दोन्ही सिंबल एकमेकांपासून सुटतात आणि वरचा एकटाच घणघणतो. मला हवा असलेला तो ‘त्स्स्स’ आवाज कडा एकमेकींना जेमतेम घासत राहिल्या तरच येतो. त्यासाठी पाय काही मिलिमीटरच उचलायचा. टाच टेकवून हे खूपच सोपं जातं, कारण घोटा इतकी छोटी हालचाल करू शकतो. मिटलेल्या अवस्थेतही असेच थर आहेत: जोरात दाबलं की कोरडा ‘टिक्’, थोडं सैल धरलं की खरखरीत, रुंद आवाज. रॉक वाजवताना कडव्यात घट्ट आणि ध्रुवपदात सैल, एवढ्याने गाणं उघडल्यासारखं वाटतं. हातांनी काहीही बदललेलं नसतं.

दुसरी गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटते: उघड्या ठोक्याचा शेवट. ड्रमसेटवर बहुतेक ठोक्यांची लांबी वाद्यच ठरवतं. टॉम ड्रम त्याच्या त्याच्या मापाने गुंजतो, राइड तिच्या मापाने घुमते, आणि क्रॅश सिंबल हाताने धरून थांबवता येतो तेवढाच. हाय-हॅटवर मात्र सूर किती लांब ठेवायचा हे वादकाच्या हाती, खरं तर पायाशी असतं. काठी तो सुरू करते आणि पाय संपवतो. म्हणून मिटवण्याची वेळ मारण्याच्या वेळेइतकीच नेमकी हवी. ध्रुवपदाआधीच्या त्या एका उघड्या ठोक्यात जी ओढ असते, ती तो कुठे कापला जातो यावर अवलंबून असते.

तपासायची रीत: मिटवण्याच्या जागी काठी मारायची नाही. ‘चार-आणि’वर उघडा ठोका, ‘एक’वर फक्त पाय. मग ‘एक’चा आवाज पूर्णपणे पायाच्या ‘चिक्’चा असतो आणि तो मागेपुढे झाला तर लपायला जागा नाही. त्यात किक मिळवली की दोन्ही पाय एकत्र पडतात का तेही कळतं. ध्वनिमुद्रणात ‘ध-चिक्’ असे दोन वेगळे आवाज आले तर एक पाय मागे आहे. बहुधा डावा, कारण त्याला वरून खाली यायला अंतर आहे. त्याला निघावं लागतं थोडं आधी.

२९ जून

स्प्लॅश. पेडलला टोला देऊन तत्क्षणी पाय काढून घ्यायचा, चटका बसल्यासारखा. सिंबल एकमेकांना भिडतात आणि मिटण्याऐवजी सुटून झणझणत राहतात. जो उचलण्याचा सराव सुरुवातीपासून चाललाय त्याची ही कसोटी: उचलणं ढिलं असेल तर स्प्लॅशऐवजी ‘चिक्’च येतो.

चवड्याने जमला, टाचेने जास्त चांगला जमला. पाऊल पेडलवर थोडं पुढे सरकवायचं आणि टाचेने पेडलवरच टोला द्यायचा. टाच आपोआप उसळून वर येते. मग टाचेने स्प्लॅश, चवड्याने ‘चिक्’, असं आलटून पालटून करता येतं. एकाच पायाने उघडा आणि मिटलेला असे दोन आवाज, हात मोकळेच. परवाचा झोका होता तोच, फक्त आता टाचही बोलते.

क्लचमधली ढील इथे उपयोगी पडली. प्रयोग म्हणून फेल्ट घट्ट आवळून पाहिले तर झणझण अर्ध्यावर विझली. लगेच पूर्ववत केलं.

३ जुलै

चारही अवयव एकत्र. पायाने चारही ठोक्यांना ‘चिक्’ आणि वर स्नेअरवर (समोरच्या ड्रमवर) साधे एकेरी ठोके, मग दुहेरी, मग पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा असा हातांचा क्रम). एकेरीत काही अडचण नाही. पॅराडिडलमध्ये जिथे एकच हात लागोपाठ दोनदा पडतो, तिथे पाय हाताच्या मागे जायला बघतो. उपाय एकच: लय इतकी खाली आणायची की पाय आणि हात कुठे एकत्र पडतात ते मोठ्याने म्हणता येईल. ५० वर म्हणता आलं. मग हळूहळू वर.

पायाला ‘आणि’वर ठेवणं वेगळं प्रकरण आहे. मेट्रोनोम एक-दोन-तीन-चार देतो आणि ‘चिक्’ मधल्या जागी. काही वेळाने पाय नकळत सरकून ठोक्यावर येतो. इथे उचलण्याची युक्ती पुन्हा कामी आली: ठोक्यावर पाय उचलायचा, नेमका मेट्रोनोमच्या आवाजाबरोबर. मग खाली येणं आपोआप ‘आणि’वर पडतं. लक्ष न ऐकू येणाऱ्या अर्ध्या हालचालीवर ठेवायचं. ६० ला टिकतंय, ८० ला अजून डळमळतं.

८ जुलै

आज सोबत बास वाजवणारा मित्र. त्याला प्रकल्पाबद्दल काही सांगितलं नव्हतं. संथ, जॅझच्या अंगाने जाणारं काहीतरी वाजवत होतो, हात राइडवर, पाय दोन-चारवर झोक्यात.

थांबल्यावर तो म्हणाला, “आज तुझ्याबरोबर वाजवायला सोपं जातंय. काय केलंस?”

“तुला काय वेगळं वाटलं?”

“दोन आणि चार कुठे आहेत ते शोधावं लागत नाही. मला सूर कुठे सोडायचा ते कळतं.”

सूर कुठे सोडायचा! बासवाल्यालाही सूर किती लांब धरायचा हा निर्णय दर ठोक्याला घ्यावा लागतो, आणि तो त्यासाठी माझ्या ‘चिक्’चा आधार घेत होता. मग आम्ही मुद्दाम एक प्रयोग केला. त्याने प्रत्येक सूर माझ्या पायाच्या ‘चिक्’वर तोडायचा, एक आणि तीनला सुरू करून. त्याच चाली, तेच स्वर, पण आवाज एकदम नीटनेटका, मध्ये हवा खेळती. नंतर मी पाय थांबवला आणि त्याला तसंच वाजवायला सांगितलं. त्याचे सूर पुन्हा लांबट झाले, एकमेकांत मिसळले. त्यालाही ते जाणवलं. “पाय सुरू ठेव रे,” एवढंच म्हणाला.

मोठ्या आवाजाच्या गाण्यात मात्र ‘चिक्’ पोहोचत नव्हता. तिथे टाच उचलून, मांडीच्या वजनाने वाजवावं लागलं, आणि सिंबलमधलं अंतर थोडं वाढवलं. महिन्यापूर्वी ठरवलेलं माप आता बदलायला हरकत नाही, पाय ते पेलतो.

१२ जुलै

नवा पाठ सुरू. तीन मात्रांचा आवर्त: किक एकवर, पायाची हाय-हॅट दोन आणि तीनवर. जॅझ ड्रमवादक मॅक्स रोच यांनी १९६० च्या दशकात दोन पायांच्या याच साच्यावर हातांनी आख्खं एकल वादन उभं केलं होतं. पाय न थांबता फिरत राहतात, हात त्यावर मोकळे बोलतात.

दोन आणि तीन लागोपाठ असल्यामुळे टाच-चवड्याचा झोका इथे जसाच्या तसा बसत नाही. टाच टेकवून दोन छोटे ‘चिक्’ देऊन पाहिले, टाच उचलूनही पाहिले. ७० ला टेकवून जास्त समान येतात. तीनच्या ‘चिक्’नंतर पाय लगेच उचलला नाही तर तो ‘एक’च्या किकबरोबर रेंगाळत उठतो आणि सिंबलची कड घासून एक नको असलेला ‘स्स’ मिसळतो. म्हणून किक पडायच्या आत डावा पाय वर पोहोचलेला हवा.

पुढचा आठवडा हात बाजूला ठेवून फक्त दोन पाय, ६० ते ९०. त्यानंतर डाव्या हाताने स्नेअरवर एकेक ठोका, प्रत्येक मात्रेवर आणि प्रत्येक ‘आणि’वर आळीपाळीने.